चॉकलेट घरचं असेल, तर खरं असू द्या

नवरात्र संपता संपता सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर चिवडा-चकलीच्या बरोबरीने चॉकलेटच्या डब्यांचे फोटो यायला लागतात. सोनेरी कागदात गुंडाळलेले तुकडे, वर काजूचा काप, खाली पाव किलोचा आणि अर्ध्या किलोचा भाव. नाताळाच्या तोंडावर हीच लगबग वसईत, वांद्र्यात, गोव्यात पुन्हा दिसते. पुण्याच्या बोहरी आळीत आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास साचे, खोकी, चकचकीत कागद घ्यायला बायकांची रीघ लागते. सणाला काहीतरी स्वतःच्या हाताने करून द्यावं, ही हौस मोलाची आहे. तिला मिळणारा कच्चा माल मात्र तिच्या तोलाचा नाही.

घरगुती चॉकलेटासाठी बहुतेक ठिकाणी वितळवली जाते ती 'कंपाऊंड'ची लादी. तिच्या वेष्टनामागचा बारीक मजकूर वाचला तर साखर, कोको पावडर आणि वनस्पती तेलापासून केलेली चरबी असा क्रम सापडतो. ही चरबी बहुधा पामच्या बीपासून काढलेल्या तेलाची असते आणि पुष्कळदा हायड्रोजन घालून घट्ट केलेली असते. कोकोच्या बीमधून निघणारं कोको बटर, म्हणजे ज्याच्यामुळे चॉकलेट हे चॉकलेट होतं ते, त्यात नसतं. जिभेवर ठेवल्यावर मेणासारखा थर टाळ्याला चिकटून राहतो, तो या चरबीचा. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळतं, शरीराच्या उष्णतेहून जरा कमी तापमानाला. म्हणून खरं चॉकलेट हातात टणक राहतं आणि तोंडात गेलं की विरघळतं.

ज्या घरात बेसनाच्या लाडवाला साजूक तूपच लागतं, पाहुण्यांपुढे डालडातला लाडू ठेवणं ज्या घरात कमीपणाचं मानतात, त्याच घरातून दिवाळीच्या डब्यात वनस्पती चरबीचं चॉकलेट जातं. फसवणुकीचा हेतू कोणाचाच नसतो. चॉकलेटातही तूप आणि डालडा असा फरक असतो, हे शिकवणाऱ्या वर्गांत कोणी स्पष्ट सांगितलेलंच नसतं.

कंपाऊंडच्या बाजूनेही बोलायला हवं. ते स्वस्त आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोकोने टनाला १२,००० डॉलरचा टप्पा ओलांडला होता. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो, आणि तिथे पीक बुडालं की बेकिंगच्या सामानाच्या दुकानात भाव चढतात. शिवाय कंपाऊंड नुसतं वितळवून साच्यात ओतलं की झालं, पुढे काही करावं लागत नाही. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत पारा तिशीच्या वर असताना कोको बटरचं चॉकलेट टिकवणं खरोखरच कठीण असतं. शेकडो खोक्यांची ऑर्डर घेतलेल्या बाईने कंपाऊंड वापरलं तर तिला बोल लावता येणार नाही. पण स्वतःच्या घरासाठी, शेजारपाजाऱ्यांसाठी, पोरांच्या नाताळच्या सुट्टीत अर्धा किलो चॉकलेट करणाऱ्यांनीही तोच रस्ता का धरावा? त्यांच्यासाठी एक चांगली वाट आहे आणि ती साच्याच्या चॉकलेटापेक्षा सोपी आहे.

अमेरिकेत नाताळाच्या दिवसांत घरोघरी 'बार्क' करतात. वितळलेलं चॉकलेट कागदावर पातळ पसरायचं, वरून सुका मेवा किंवा कुस्करलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या भुरभुरवायच्या, घट्ट झालं की हाताने वेडेवाकडे तुकडे मोडायचे. विल्यम्स सोनोमा या दुकानांच्या साखळीने १९९८ मध्ये पेपरमिंट बार्क विक्रीला आणलं आणि तिथल्या नाताळात ते रुळलं. या पदार्थाला साचा लागत नाही, सारण लागत नाही, आकाराची चूक नावाचा प्रकारच नाही. ज्या स्वयंपाकघरात ताटाला तूप लावून वड्या थापल्या जातात, तिथे यातलं काहीच परकं वाटू नये.

एकच गोष्ट शिकावी लागते: टेंपरिंग. कोको बटर गोठताना त्याचे स्फटिक सहा वेगवेगळ्या प्रकारांनी जुळू शकतात, हे १९६६ मध्ये विल आणि लटन या संशोधकांनी दाखवून दिलं. सहातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तो जमला की चॉकलेट चमकतं, मोडताना कट्‌कन आवाज होतो आणि बोटाला लगेच लागत नाही. नुसतं वितळवून गार केलं तर नको ते प्रकार गोठतात, तुकडा मऊ राहतो आणि थोड्या दिवसांत त्यावर पांढुरका, भुरकट थर येतो. पुष्कळजण त्याला बुरशी समजून फेकून देतात. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते, आणि ते चॉकलेट पुन्हा वितळवून वापरता येतं.

घरच्या घरी करायची पद्धत अशी. ५०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरायचं. त्यातलं ३५० ग्रॅम एका कोरड्या भांड्यात घेऊन, खाली जेमतेम वाफाळणाऱ्या पाण्याच्या पातेल्यावर वितळवायचं, ४५ ते ५० अंशांपर्यंत. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. मग खाली उतरवून उरलेलं १५० ग्रॅम थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. दुकानातून आलेल्या त्या घट्ट चॉकलेटात हवे ते स्फटिक आधीच असतात, विरजणासारखे तेच बाकीच्या चॉकलेटाला वळण लावतात. तापमान ३१-३२ अंशांवर आलं की ओतायला तयार. दुधाचं चॉकलेट असेल तर आणखी दोनेक अंश खाली. स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत येतो आणि तो घ्यावाच. तो नसेल तर एक थेंब खालच्या ओठाला लावून पाहायचा, किंचित गार लागला पाहिजे. खात्री करायला सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवायचं. थंड खोलीत पाचेक मिनिटांत ते चमक धरून घट्ट झालं, तर जमलं.

पाणी मात्र चॉकलेटाचं पक्कं वैरी. वाफेचा एक थेंब पडला तरी वितळलेल्या चॉकलेटाचा आकसून रवाळ गोळा होतो. ओला चमचा, नीट न पुसलेलं उलथनं, वरून ठेवलेलं झाकण, सगळंच टाळायचं. महाबळेश्वरच्या ताज्या स्ट्रॉबेरीचे काप बार्कवर फोटोत छान दिसतात, पण त्यांचा रस सुटून दुसऱ्या दिवशी सगळं चिकट होतं. त्या वितळलेल्या चॉकलेटात बुडवून तिथल्या तिथे खाव्यात.

बार्कवर घालायला जे कोरडं आणि खमंग हवं, ते महाराष्ट्रात भरपूर पिकतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जातींनी सिंधुदुर्गातल्या वरकस जमिनीचं रूप पालटलं, त्या काजूची पाकळी मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून घालावी. गरम काजू घातला तर टेंपरिंग तिथेच बिघडतं. सांगलीचे बेदाणे, भाजून सोललेले शेंगदाणे, चुरलेली चिक्की, सुक्या खोबऱ्याचे परतलेले काप, जाड्या मिठाचे चार कण, हे सगळं ७० टक्क्यांच्या कडवट चॉकलेटावर असं काही खुलतं की परदेशी बेरी आणि मार्शमॅलोंची आठवण होऊ नये. फणसपोळीचे बारीक तुकडे घातले तर आठवड्याभरात संपवावं, कारण त्यात थोडा ओलावा असतोच. नाताळनंतर तीन आठवड्यांनी संक्रांत येते, आणि भाजलेले पांढरे तीळ पेरलेलं डार्क चॉकलेट ज्याने खाल्लं नसेल त्याने यंदा जरूर करून पाहावं.

कोकणाचं या गोष्टीशी आणखी एक नातं आहे, जे फारसं कोणाला ठाऊक नसतं. युरोपीय संघाने २००० मध्ये चॉकलेटासंबंधी जो निर्देश काढला, त्यात कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत वापरता येतील अशा सहाच वनस्पती चरबी नेमून दिल्या. त्यांत शिया, पाम, साल वृक्षाच्या बियांची आणि आंब्याच्या कोयीतली चरबी यांच्या जोडीला कोकमाचं तेल आहे. भेगाळलेल्या टाचांना चोळायला कोकणात घरोघरी ठेवतात तेच. ते कोको बटरपेक्षा जरा चढ्या तापमानाला वितळतं, त्यामुळे उन्हाळी मुलखात चॉकलेटाला टणकपणा द्यायला ते उपयोगी पडतं. तेव्हा वनस्पती चरबी म्हटली की ती वाईटच असं नाही. कोणती, किती आणि सांगून की न सांगता, हे तीन प्रश्न विचारायचे.

सांगण्याचा नियम आपल्याकडेही आहे. कोको बटरशिवाय दुसरी वनस्पती चरबी असेल तर भारतीय नियमांनुसार चॉकलेटाच्या वेष्टनावर तसं ठळक छापावं लागतं. तेल हायड्रोजन घालून घट्ट करताना तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटचं कमाल प्रमाणही १ जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीच्या २ टक्क्यांवर आणलं गेलं, ते चांगलंच झालं. पण लादी फोडून, वितळवून, सोनेरी कागदात गुंडाळली की तो छापील मजकूर कचऱ्याच्या डब्यात जातो आणि खाणाऱ्यापर्यंत 'होममेड' एवढंच पोचतं.

खर्चाचा धाकही आता पूर्वीएवढा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किराणा दुकानात मिळणारी साधी डार्क चॉकलेटची वडीही चालते, मागे कोको बटर लिहिलेलं आहे आणि इतर वनस्पती चरबी लिहिलेली नाही एवढं पाहून घ्यावं. पैसे वाचवायला निम्मं कंपाऊंड मिसळण्याची युक्ती बऱ्याच जणी सांगतात, ती अजिबात करू नये. पामच्या बीची चरबी आणि कोको बटर यांचं जमत नाही, मिश्रण मऊ पडतं आणि लवकर भुरकटतं. दोन पैसे जास्त घालायची तयारी असेल त्यांनी देशी कोकोही चाखावा. केरळ, आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत नारळ-पोफळीच्या सावलीत तो पिकतो. मंगळूरच्या कॅम्प्को या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९८६ मध्ये पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना काढला. ऑरोव्हिलची मेसन अँड कंपनी आणि म्हैसूरची नाविलुना असे छोटे उत्पादक भारतीय बियांपासून चॉकलेट बनवतात.

हवेचा विचार केला तर आपला चॉकलेटचा मोसम दिवाळी नव्हे, नाताळ ते संक्रांत हा आहे. डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या रात्री चॉकलेट गोठायला अगदी योग्य असतात. मुंबईत किंवा गोव्यात करायचं तर रात्री उशिरा, नाहीतर एसीच्या खोलीत. फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर हवाबंद डब्यात ठेवावं आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, एरवी दव साचून साखरेचे पांढरे डाग पडतात.

राहिला प्रश्न विकणाऱ्या बायकांचा, आणि इथे सरकारी यंत्रणेला काही करता येईल. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांना लोणची-पापडांच्या जोडीने नवे पदार्थ हवेच आहेत, आणि मुंबईतल्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात चोखंदळ गिऱ्हाईक येतं. या गटांना एक दिवसाचं टेंपरिंगचं प्रशिक्षण आणि एकेक थर्मामीटर द्यावा. खोक्यावर मराठीत दोन ओळी छापायला लावाव्यात: यात कोणती चरबी आहे आणि कोको किती टक्के आहे. वेंगुर्ल्याचा काजू घातलेलं, कोको बटरचं बार्क त्या स्टॉलवर कंपाऊंडच्या दुप्पट भावाने मागता येईल आणि गिऱ्हाइकाला तो भाव का, हेही त्या दोन ओळींतून कळेल.