गरागरा फिरणाऱ्या चार चाकांविरुद्ध



आपल्या बायका आता लडाखला जातात, स्पितीला जातात, दोघी-तिघी मिळून शिखरजीही करून येतात. मला हे फार आवडतं. आवडत नाही ती त्यांची बॅग.

बॅग घ्यायला गेलं की दुकानदार एक बोट लावतो आणि चार चाकांची, टणक कवचाची, गुलाबी-सोनेरी बॅग फरशीवर गरागरा फिरवून दाखवतो. आपण खूश! अहो, पण ती फरशी दुकानाची आहे. लेहमधल्या होमस्टेपर्यंत जाणारी गल्ली अशी नसते. तिथे खडी असते, उंच-सखल दगडी पायऱ्या असतात, मध्येच पाण्याचा पाट आडवा येतो. तिथे चार चाकांची ती राणी जागची हलत नाही आणि मग तिला कडेवरच्या पोरासारखं उचलावं लागतं.

कारण साधं आहे. चारी बाजूंना वळायचं म्हणून ही चाकं लहान असतात आणि बारीक आधारावर बॅगेच्या बाहेर लोंबतात. बॅग आपटली, खड्ड्यात अडकली की पहिला घाव त्यांच्यावरच. शिवाय विमानवाले माप घेतात ते चाकांसकट, म्हणजे तेवढी आतली जागाही गेली. दोन चाकांच्या बॅगेत चाकं मोठी असतात, अर्धी कोपऱ्यात बसवलेली असतात आणि बॅग तिरकी करून मागे ओढायची असते. हाताला थोडं वजन येतं, मान्य. पण ती खडीवरून येते, आणि ट्रेनच्या डब्यात उभी केली तर आपली आपण पळत नाही.

या चाकांचा इतिहासही बघण्यासारखा आहे. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचं पेटंट १९७२ साली मिळालं. सुरुवातीला दुकानदार ती विकायला तयार नव्हते. बॅग ओढत नेणं पुरुषांना कमीपणाचं वाटे आणि बायकांच्या बॅगा तर नवरेच उचलत, मग चाकं हवीत कोणाला? पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने लांब दांड्याची, दोन चाकांची उभी बॅग केली आणि ती आधी विमानातल्या कर्मचाऱ्यांनी उचलून धरली. रोज प्रवास करणाऱ्या माणसांची ती निवड होती.

आपल्याकडे ‘भाऊजी आहेत की उचलायला’ हे वाक्य अजून जिवंत आहे. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. भाऊजींच्या भरवशावर घेतलेली बॅग म्हणजे भाऊजींच्या सोयीने ठरलेला प्रवास.

आता वजन. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर हातातली बॅग एकच, आणि तीही ७ किलोची. दणकटपणाच्या नावाखाली रिकामी बॅगच साडेतीन किलोची घेतलीत तर उरलं काय? मोठी चाकं, जाड कापड, भक्कम दांडा या सगळ्याला वजन असतंच, म्हणून अडीच किलोच्या आसपास थांबावं असं माझं मत. पाठीलाही लावता येते आणि ओढताही येते अशी दुहेरी बॅग मी तरी घेऊ नका म्हणेन. चाकांचा सांगाडा पाठीला टोचतो आणि वजन वाढतं ते वेगळंच. खरंच चालायचं असेल तर सरळ बिनचाकाची सॅक घ्या. शिखरजीच्या २७ किलोमीटरच्या वंदनेला तशीही चाकांची बॅग कोणी नेत नाही, ती मधुबनच्या धर्मशाळेत राहते. तिची परीक्षा पारसनाथ स्टेशनवर उतरताना होते.

लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट गेलात तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, धावपळ नको, असं डॉक्टर सांगतात. पोहोचताच पंधरा किलो घेऊन जिने चढणं ही विश्रांती नव्हे!

आणि हे पंधरा किलो असतात कोणाचे? नवऱ्याचं दाढीचं सामान, सासूबाईंची शाल, मुलांचे चार्जर, सगळ्यांचे खाकरे, दशम्या, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी. आपले कपडे तळाला दोन. आपलं खाणं वाटेत मिळत नाही, सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, तेव्हा डबा हवाच. पण तो चौघांचा असेल तर चौघांच्या बॅगांत जाऊ दे. एकीकडे अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकायचं आणि दुसरीकडे सेलमध्ये स्वस्त पडतो म्हणून तीन बॅगांचा सेट आणायचा, हे मला तरी जमत नाही. तिसरी मोठी बॅग वर्षभर कपाटावर धूळ खाते आणि आत जुन्या गोधड्या.

टणक कवचाच्या स्वस्त बॅगा ठिसूळ प्लॅस्टिकच्या असतात, गाडीच्या टपावर दोरीने आवळल्या की तडकतात. जाड विणीचं नायलॉन दबतं, पण फुटत नाही. पाऊस लागू नये म्हणून आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, झालं. चाकं स्क्रूने बसवलेली आहेत ना, बघा. रिव्हेटची असतील तर बदलणं अवघड जातं. चेन दातांची, जाड घ्या. नायलॉनच्या बारीक वेटोळ्यांची चेन बॉलपेनच्या टोकाने उघडते आणि रनर फिरवला की पुन्हा मिटते. कुलूप बिचारं जिथल्या तिथे. अजून एक, जे दुकानदार सांगणार नाही: महागड्या बॅगांच्या मुठीला आणि चेनच्या टोकाला कधी कधी अस्सल चामड्याची पट्टी असते. आतलं लेबल वाचा, विचारायला लाजू नका.

दुकानात जाताना घरातलं पाच किलोचं आट्याचं पाकीट सोबत न्या. लोक हसतील, हसू देत. ते बॅगेत ठेवा, बाहेरच्या पायरीवरून चार वेळा वर-खाली ओढा, मग दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचला. विमानातला कप्पा तेवढ्याच उंचीवर असतो. हात थरथरले तर ती बॅग परत ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी.