गाणाऱ्याच्या हाती लेखणी

संगीताच्या मार्गाला लागलेल्या आपल्या मुलामुलींचा दिवस कसा जातो, हे आम्ही जवळून पाहत आलो आहोत. पहाटे खर्जाचा रियाज, मग महाविद्यालय, दुपारी शिकवणीसाठी इंदापूरहून बारामतीची एस. टी., संध्याकाळी विहारात वा लग्नघरी पेटीची साथ आणि रात्री विशारदच्या लेखी परीक्षेसाठी रागांची टिपणे. गळीत हंगामात भवानीनगरच्या आसपास गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली, की तासभर गेलाच. अशा विद्यार्थ्याला ‘संगीताविषयी लिहायलाही शीक’ असे सांगणे म्हणजे भरल्या गाडीवर आणखी एक मोळी टाकणे, असे पालक म्हणतात. आमचे मत वेगळे आहे.

जयंतीच्या कार्यक्रमाची बातमी वाचून पाहावी. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सत्कारमूर्ती यांची नावे बिनचूक असतात; गाण्याच्या वाट्याला ‘बहारदार कार्यक्रमाने सांगता झाली’ एवढेच वाक्य येते. गीत कोणाचे, चाल कोणी बांधली, ढोलकीवर कोण होते, याचा पत्ता नसतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. त्यांची गीतेही आज कित्येकदा त्यांच्या नावाशिवाय गायली जातात. जलशांची हकीकत पुष्कळशी उरली, ती भीमराव कर्डकांसारख्या खुद्द जलसाकाराने लेखणी हाती घेतली म्हणून.

अभिजात संगीताला असे लिहिणारे लाभले. केशवराव भोळे ‘वसुंधरा’ साप्ताहिकात गायकांविषयी लिहीत, ते ‘एकलव्य’ या टोपणनावाने. (हे नाव त्यांनी निवडावे, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.) हेच भोळे १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचे संगीतकार. गाणे कसे घडते हे हातांनी अनुभवलेला माणूस लिहितो, तेव्हा स्तुतीलाही कारण द्यावे लागते. प्रा. बा. र. देवधर यांनी ‘संगीत कला विहार’ मासिकातून हीच शिस्त पाळली. ते स्वतः गायक आणि शिक्षक होते.

ही विद्या फार खर्चाची नाही. कार्यक्रमाआधी गायकाला भेटावे, साथीदारांची नावे विचारून लिहावीत, कोणत्या कडव्याला श्रोत्यांनी पुन्हा मागणी केली ते टिपावे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याकडून पाकीट घेऊ नये. कठीण भाग पुढेच आहे: आपल्याच गुरूची लय त्या दिवशी ढळली असेल, तर ते कसे लिहावे? आमच्या मते, अदबीने पण लिहावेच. कान त्यानेच तयार होतो, आणि तो रियाजाच्या कामी येतो.

आम्ही स्वतः या दोषातून मुक्त नाही. वसतिगृहाच्या जुन्या वह्यांत स्नेहसंमेलनांच्या मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च पैपैसह नोंदलेला आहे. त्या मंडपात कोण गायले, ते नाही. त्यांपैकी काही गायक आज हयात नाहीत. त्यांच्या चाली अजून ऐकू येतात आणि विचारले की ‘पारंपरिक’ असे उत्तर मिळते.

म्हणून निमगाव केतकी, लासुर्णे, बावडा या भागांतील जुन्या गायकांची, ढोलकीवाल्यांची नावे माजी विद्यार्थ्यांनी आम्हांला कळवावीत. संगीत शिकणारी आपली मुले वही घेऊन त्यांच्या दारी जातील. ट्रॉलीमागे अडकलेल्या गाडीतला तो तासही टिपण पुरे करायला उपयोगी पडेल.