घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणारा मनुष्य गाढ झोपला आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. घरातील वडील मंडळी मोठ्याने घोरू लागली की ‘दिवसभर दमले आहेत, स्वस्थ झोपू द्या’ असे म्हटले जाते. आगगाडीत कोणी घोरू लागला, तर सहप्रवासी त्याला कुंभकर्णाची उपमा देऊन हसतात. या समजुतीच्या आड एक गंभीर विकार वर्षानुवर्षे दडून राहतो, आणि तो उघडकीस आणणे हे वैद्यांइतकेच घरच्या माणसांचेही काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विकारास ‘स्लीप ॲप्निया’, म्हणजे निद्रेतील श्वासरोध, असे म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मेदामुळे, वाढलेल्या टॉन्सिलांमुळे किंवा लहान जबड्यामुळे ज्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद असतो, त्यांची जीभ व मृदू तालू मागे सरकून तो मार्ग पुरता वा अंशतः बंद होतो. छाती श्वासासाठी धडपडत असते, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागतो, मेंदू क्षणमात्र जागा होतो, आणि मोठा आवाज करून श्वास पुन्हा सुरू होतो. निदान १० सेकंद टिकणारे असे अडथळे तासाला ३० किंवा अधिक झाले, तर विकार तीव्र समजतात. सात तासांच्या झोपेत हा आकडा दोनशेच्या वर जातो. आणि सकाळी रोग्याला त्यांतील बहुधा एकही आठवत नाही.

या रोगाच्या इतिहासातही हीच अडचण दिसून येते. चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मधील ‘पिक्विक पेपर्स’ या कादंबरीत जागच्या जागी झोपी जाणारा एक लठ्ठ मुलगा आहे. १९५६ साली अमेरिकेतील वैद्यांनी तशाच लक्षणांच्या विकारास त्या कादंबरीचे नाव दिले. परंतु झोपेत श्वास वारंवार थांबतो, याची यंत्रांच्या साहाय्याने नोंद झाली ती १९६५ मध्ये, फ्रान्स व जर्मनी येथे. वैद्य तपासतो तो जागा मनुष्य. रोग प्रकट होतो तो निजलेल्या मनुष्यात.

म्हणून या रोगाचा खरा साक्षीदार शेजारी झोपणारा असतो. रक्तदाब औषधांनी आटोक्यात येत नसेल, सकाळी डोके दुखत असेल, रात्री वारंवार लघवीस उठावे लागत असेल, दिवसा बसल्याजागी डुलकी लागत असेल, तर वैद्याने रोग्याच्या पत्नीस वा पतीस बोलावून विचारावे: ‘घोरताना मध्येच श्वास थांबतो काय?’ या एका प्रश्नास खर्च काहीच नाही. हा केवळ स्थूल माणसांचा रोग आहे, असेही समजू नये. तो कृश माणसांना होतो आणि स्त्रियांनाही होतो. मुंबईतील ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांच्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, लक्षणांसह हा विकार असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७.५ टक्के आढळले.

रात्रभर मालमोटार किंवा बस हाकणाऱ्या चालकांच्या बाबतीत तर हा प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचा ठरतो. चालकाची दृष्टी तपासणे आपण आवश्यक मानतो. परंतु उघडे डोळे मिटू लागले, तर उत्तम दृष्टीचा काय उपयोग? व्यावसायिक चालकांच्या वैद्यकीय तपासणीत झोपेची चौकशी असलीच पाहिजे. मात्र रोग आढळताच नोकरी जाणार असेल, तर कोणताही चालक खरे सांगणार नाही. तपासणीचा शेवट बडतर्फीत न होता उपचारात झाला पाहिजे, आणि त्याचा भार मालकाने व शासनाने उचलला पाहिजे.

उपचार उपलब्ध आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावरील मुखवट्यातून सौम्य दाबाने हवा सोडून श्वासमार्ग रात्रभर खुला ठेवण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तीच ‘सीपॅप’ या नावाने आज प्रचलित आहे. स्थूल व्यक्तीने वजन उतरविणे, कुशीवर झोपणे, मद्य वर्ज्य करणे आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून झोपेच्या गोळ्या न घेणे, यांनीही पुष्कळांना लाभ होतो. मुलांच्या बाबतीत वाढलेले टॉन्सिल काढल्याने बहुधा गुण येतो.

मुखवटा लावून निजण्यास संकोच वाटतो, हा आक्षेप खरा आहे. चष्म्यासही एके काळी लोक संकोचत. चष्म्याप्रमाणेच हे साधनही वापरले तेवढाच वेळ उपयोगी पडते. म्हणून ते रोज लावावे लागते, आणि त्यासाठी घरच्यांचे प्रोत्साहन हवे. आपल्या घरात कोणी घोरत असेल, तर आज रात्री हसण्यापूर्वी थोडा वेळ कान देऊन ऐकावे. घोरणे एकाएकी थांबून शांतता पसरली, तर ती स्वस्थ झोपेची खूण समजू नये. दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला वैद्याकडे घेऊन जावे.