स्त्रियांचे मोर्चे व स्त्रियांचें मन

स्त्रियांच्या हक्कांसाठीं निघणाऱ्या मोर्च्यांवर पूर्वीं धर्माच्या नांवानें आक्षेप घेतला जात असे. आतां तो मनःस्वास्थ्याच्या नांवानें घेतला जातो, एवढाच काय तो फरक. मुलगी किंवा सून मोर्च्यास जावयाचें म्हणाली कीं, घरांतील वडील माणसें "हें आपल्या रीतीस धरून नाहीं" असें हल्लीं म्हणत नाहींत. "तुझ्या मनास तें सोसणार नाहीं" असें म्हणतात. भाषा सौम्य झाली म्हणून आक्षेप खरा ठरत नाहीं. परंतु तो हंसण्यावारीं नेण्याजोगाही नाहीं. मोर्च्याचा मनावर परिणाम होतो हें निर्विवाद आहे. कोणता परिणाम कशामुळें होतो, हा खरा प्रश्न होय. न्यायकचेरींत कार्यकारणाचा संबंध पुराव्यानें शाबीत करावा लागतो. तसा पुरावा इंग्लंडांतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळींत भरपूर सांपडतो.

१८७८ सालीं देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्यांच्या कारकीर्दींत झाला, त्या व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. त्यांची कन्या लेडी कॉन्स्टन्स लिटन ही अत्यंत भिडस्त बाई. लग्न न करितां, वडिलांच्या मागें आईच्या सोबतींत राहून तिनें चाळिशी गांठली. १९०९ सालीं ती या चळवळींत शिरली, पार्लमेंटकडे निघालेल्या शिष्टमंडळांत सामील झाली आणि तुरुंगांत गेली. त्याच वर्षीं न्यूकॅसल येथें तिनें तुरुंगांत अन्नत्याग केला, तेव्हां हृदय दुबळें असल्याचें कारण सांगून तिला सोडून देण्यांत आलें. अन्नत्याग करणाऱ्या इतर बायकांच्या घशांत मात्र नळी घालून बळजबरीनें अन्न ओतलें जात होतें. ही मेहेरबानी आपल्या हृदयावर नसून आपल्या कुळावर आहे, हें तिनें ओळखलें. १९१० च्या जानेवारींत केस कापून, साधे कपडे घालून, जेन वॉर्टन नांवाची शिवणकाम करणारी बाई म्हणून तिनें लिव्हरपूल येथें स्वतःस पकडवून घेतलें. गरीब शिवणकरणीचें हृदय नीट तपासण्याची कोणास गरज भासली नाहीं. तिला आठ वेळां नळीनें अन्न देण्यांत आलें. पुढें १९१२ सालीं तिला पक्षाघात होऊन उजवी बाजू लुळी पडली. आपल्या तुरुंगवासाची हकीकत तिनें डाव्या हातानें लिहिली आणि ती १९१४ सालीं प्रसिद्ध झाली.

या एकाच आयुष्यांत दोन परिणाम शेजारीं शेजारीं दिसतात. चार माणसांत बोलावयास संकोचणारी बाई सरकारच्या दुटप्पीपणाची परीक्षा घेण्यास स्वतःचा देह पणाला लावते, हा एक; आणि तो देह कायमचा मोडतो, हा दुसरा. पहिला सोबतीनें व कार्यानें घडविला; दुसऱ्याचें मूळ तुरुंगांतील नळींत शोधावें लागतें. दोन्ही एकाच खातीं मांडून "चळवळीनें बाई बिघडली" असा ताळेबंद काढणारा कारकून कोणताही व्यापारी आपल्या पेढीवर ठेवणार नाहीं.

१८ नोव्हेंबर १९१० चा शुक्रवार हेंच सांगतो. त्या दिवशीं सुमारें तीनशें स्त्रिया पार्लमेंटकडे निघाल्या. त्यांत श्रीमती पँकहर्स्ट होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या डॉक्टर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन होत्या आणि पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफियाही होती. सुमारें सहा तास पोलीस व बघे यांनीं त्यांस ढकललें, मारलें आणि कित्येकींच्या अंगास हात घातला. शंभराहून अधिक स्त्रिया पकडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीं बहुतेकींवरील खटले काढून घेण्यांत आले, आणि जाहीर चौकशीची मागणी गृहमंत्री चर्चिल यांनीं नाकारली. त्यानंतर पुष्कळ स्त्रिया खिडक्यांच्या कांचा फोडूं लागल्या. कांच फोडली कीं ताबडतोब अटक होते. सहा तास रस्त्यावर विटंबना सोसावी लागत नाहीं. मालमत्तेच्या नासधुशीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण हा उन्माद नव्हता, मनास बसलेल्या धक्क्यांतून निघालेला तो हिशेब होता.

तरीही २८ मार्च १९१२ रोजीं सर आल्मराथ राइट या नामांकित जंतुशास्त्रज्ञानें लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत लांबलचक पत्र लिहून या स्त्रियांच्या वर्तनाचें मूळ त्यांच्या मनोविकृतींत दाखविलें. विषमज्वराची लस काढणारा हा विद्वान; पण त्यानें रोग्यांस न तपासतांच निदान केलें. १९१८ सालीं तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांस व १९२८ सालीं पुरुषांच्या बरोबरीनें सर्व प्रौढ स्त्रियांस पार्लमेंटनें मताधिकार दिला. ज्या मागणीस वेड म्हटलें गेलें, ती सोळा वर्षांत देशाचा कायदा झाली.

आतां आपल्या घरचें उदाहरण घेऊं. १९७२ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत एका आदिवासी मुलीवर पोलीसठाण्यांत अत्याचार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयानें निमूटपणें सोसणें म्हणजे संमति नव्हे, असें मानून दोघां पोलिसांस दोषी ठरविलें. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, अंगावर जखमा नाहींत व प्रतिकाराची खूण नाहीं, या आधारावर त्यांस सोडलें. १९७९ सालीं कायद्याच्या चार प्राध्यापकांनीं त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांस उघड पत्र लिहिलें, आणि ८ मार्च १९८० रोजीं मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. एकीच्या मौनास न्यायालयानें संमति ठरविलें. त्यास हजारोंनीं मोठ्यानें दिलेलें तें उत्तर होतें. जी गोष्ट सख्ख्या बहिणीस सांगण्याचीही चोरी, तिचा भर रस्त्यांत उच्चार झाला कीं, लाज आपला पत्ता बदलते: सोसणारीच्या दारांतून उठून ती करणाराच्या दारांत जाऊन बसते. मोर्च्याचा मनावर होणारा सर्वांत मोठा परिणाम आमच्या मतें हाच.

मात्र दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९८३ सालीं कायदा सुधारला. पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीनें संमति नव्हती असें कोर्टांत सांगितल्यास तें गृहीत धरावें, असें ठरलें. परंतु जिच्यामुळें हें झालें, तिच्या खटल्याचा निकाल फिरला नाहीं. जय मिळाला तरी तो असा अपुरा असतो, आणि पुष्कळदां तोही मिळत नाहीं. सायंकाळीं घोषणा थांबतात, सोबतिणी पांगतात, आणि बाई ज्या घरीं परत येते तेथें तिच्याशीं कोणी बोलत नाहीं. दिवसभर उंच झालेलें मन त्या अबोल्यानें खचतें, आणि मग तेच घर म्हणतें, "सांगितलें नव्हतें?"

सारांश, स्त्रीच्या मनाची ज्यांस खरीच काळजी आहे त्यांनीं तिला दारांत अडवूं नये. ती परत येईल तेव्हां दार उघडें ठेवावें. तिनें काय पाहिलें तें विचारावें, पोलीसचौकीवर जाण्याची पाळी आली तर तिच्याबरोबर जावें, आणि त्या रात्रीची चूल दुसऱ्या कोणीं तरी पेटवावी. एवढें ज्या घरानें केलें नाहीं, त्या घरास तिच्या मनःस्वास्थ्याविषयीं बोलण्याचा अधिकार नाहीं.