जबड्यापलीकडची पारख

मार्गशीर्ष जवळ आला की अर्धापूर परिसरात माळेगावच्या खंडोबा यात्रेचे बेत सुरू होतात. लोहा तालुक्यातल्या या यात्रेच्या घोडेबाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडून दातांवरून वय ताडतं, मग अंगावरचे भोवरे बघतं. ही पारख खरेदीपुरती झाली. घोड्याशी वागायचं कसं, याची समज देणाऱ्या कथा-कादंबऱ्या आणि माहितीपर पुस्तकं यात्रेआधी हाती पडावीत, म्हणून हा अंक.

ॲना स्यूएलची ‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) घोडाच सांगतो. डौलासाठी मान वर ताणून धरणाऱ्या लगामाचा जाच ती वाचकाला जाणवून देते. चिंगिझ ऐत्मातोव्हच्या ‘गुलसारी’त थकलेला माणूस आणि थकलेला घोडा एकत्र आयुष्य आठवतात. लॉरा हिलेनब्रँडचं ‘सीबिस्किट’ (२००१) ही शर्यतीच्या घोड्याची खरीखुरी हकिगत. शिवाय नकुल आणि शालिहोत्र यांच्या नावे चालत आलेली आपली अश्वविद्या आहेच.

घोडा नुसता शोभेला आणलेली पुस्तकं आम्ही बाजूला ठेवली. तुमच्या आवडीचं एखादं राहिलं असेल, तर जरूर कळवा. आणि घरात घोडा राखणारं कुणी वडीलधारं असेल, तर त्यांच्या आठवणी लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांना जागा ठेवली आहे.