शेवटचा थेंब आणि उरलेली बाटली

म्हैसूरमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने अलीकडे मला विचारले, "सर, व्हेपच्या बाटलीच्या तळाशी थोडे द्रव नेहमी उरते. ते वाया न घालवता कसे संपवावे?" प्रश्नात खट्याळपणा नव्हता. तुपाचे भांडे गरम भाताने निपटून घेणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला तळाशी उरलेले काहीही फेकवत नाही. म्हणून त्याला उपदेश करण्याऐवजी त्याच्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करावा, असे मला वाटले. तो विचार येथे मांडतो.

द्रव तळाशी का उरते, हे प्रथम पाहू. ई-सिगारेटच्या द्रवात प्रामुख्याने ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतात. त्यांत निकोटीन आणि स्वादद्रव्ये मिसळलेली असतात. २० अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध ग्लिसरीनची श्यानता पाण्याच्या हजारपटीहून अधिक असते. त्यामुळे ते बाटलीच्या कडांना धरून राहते आणि फार सावकाश ओघळते. बाटली उपडी ठेवली किंवा किंचित ऊब देऊन श्यानता घटवली तर आणखी काही थेंब खाली येतात. प्रश्नाचे सरळ उत्तर इतकेच आहे. मात्र ते येथे थांबवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण शेवटच्या थेंबापाशीच खरा धोका सुरू होतो.

समईतले तेल संपले की वात स्वतःच जळू लागते आणि काजळी धरते. व्हेपच्या उपकरणातही कापसाची वात तापलेल्या तारेच्या वेटोळ्याला द्रव पुरवत असते. द्रवाचे बाष्पीभवन होत असते, तोवर तारेची उष्णता त्यात खर्ची पडते. पुरवठा आटला की तापमान झपाट्याने चढते. मग ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन ही द्रव्ये अधिक प्रमाणात तयार होतात. यांपैकी फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, तर अ‍ॅक्रोलीन श्वसनमार्गाला तीव्र दाह करते. कोरड्या वातीचा जळकट, कडवट झुरका ही त्याचीच खूण. अर्थात, शेवटचे चार थेंब वाचवण्यासाठी कोरड्या वातीवर ओढत राहणारा मनुष्य द्रवाची बचत करतो आणि फुप्फुसांची उधळपट्टी करतो.

दुसरी काटकसर म्हणजे तीन बाटल्यांतील उरलेसुरले एकत्र करणे. येथे साधे अंकगणित पाहावे. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या १० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन असते. युरोपीय संघाने ठरवलेली कमाल मर्यादा हीच आहे. चोरट्या बाजारातील बाटलीवरील आकड्याला मात्र कोणाचीही हमी नसते. न पटणारे तीन आकडे एकत्र केले की चौथा आकडा कोणालाच ठाऊक नसतो. शिवाय निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. मोठ्या माणसाच्या बोटांवर सांडलेला थेंब कदाचित खपून जाईल. घरातल्या रांगत्या मुलाच्या हाती लागलेली 'रिकामी' बाटली मात्र जीवघेणी ठरू शकते. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात असे द्रव पोटात गेल्याने एका बालकाचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये अमेरिकेने या बाटल्यांना मुलांना उघडता न येणारी झाकणे सक्तीची केली.

हे त्वचेतून शिरणारे विष म्हैसूरच्या परिसराला नवे नाही. जिल्ह्यातील हुणसूर, पिरियापट्टण, एच. डी. कोटे हे तालुके सिगारेटच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहेत. ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या आणि चक्कर यांचा त्रास होतो. पानांवरच्या दवात उतरलेले निकोटीन त्वचेवाटे शरीरात गेल्याने होणारा हा विकार व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्रात सुपरिचित आहे. तंबाखूच्या देठांपासून व चुऱ्यापासूनही निकोटीन काढता येते. एकेकाळी ते कीटकनाशक म्हणून वापरले जाई. म्हणजे शेतात ज्याने कीड मारली, तेच द्रव्य फळांचा वास लावून वसतिगृहाच्या खोलीत येते. या साखळीच्या एका टोकाला मजुराची बोटे आहेत आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याची. 'वाया जाणे' या शब्दांचा अर्थ लावताना ही दोन्ही टोके दृष्टीसमोर असावीत.

आता कायद्याकडे वळू. कर्नाटकाने २०१६ मध्येच ई-सिगारेटवर बंदी घातली. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात आणि साठवण हे सारे त्याने निषिद्ध ठरवले. त्या वेळी व्यापाऱ्यांकडे असलेला साठा यादीसह अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा व त्याची विल्हेवाट प्रचलित कायद्यांनुसार लावावी, अशी तरतूदही केली. व्यापाऱ्याच्या साठ्याचा विचार असा झाला. पण एखाद्या मुलाच्या कपाटातील अर्ध्या बाटलीचे काय? दंडाच्या आणि बदनामीच्या धास्तीने तो ती कोणाला दाखवत नाही. एक तर ओढून संपवतो, नाही तर मोरीत ओततो, आणि उपकरण ओल्या कचऱ्यात लपवून टाकतो. त्यातील लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली की आग लागू शकते. ब्रिटनने जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली, त्यामागे या कचऱ्याचेही कारण होते.

अमेरिकेत उद्योगांना आणि संस्थांना असे द्रव तीव्र घातक कचरा म्हणून हाताळावे लागते. त्याची बाटली 'रिकामी' मानण्यापूर्वी ती तीनदा धुवावी लागते आणि ते धुवणही घातकच समजले जाते. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याची वेगळी वर्गवारी केली. मुदत संपलेली औषधे, कीटकनाशकांचे डबे अशा वस्तूंसाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, असे त्यांत म्हटले होते. म्हैसूर हे २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आलेले शहर. कुंबारकोप्पल येथील कचरा वर्गीकरणाचे काम पाहायला बाहेरगावचे लोक येतात. या शहराने पुढाकार घ्यावा, अशी माझी सूचना आहे. महाविद्यालयांच्या आरोग्य केंद्रांत आणि प्रभागांच्या संकलन केंद्रांत, नाव-गाव न विचारता, निकोटीनच्या बाटल्या व उपकरणे स्वीकारणाऱ्या बंद पेट्या ठेवाव्यात. शेजारी व्यसनमुक्तीच्या मदतीची माहिती असावी.

यावर आक्षेप येईल की, ज्या वस्तूवर बंदी आहे तिच्यासाठी पेटी ठेवणे म्हणजे बंदीला बगल देणे होय. मला तसे वाटत नाही. पेटी काही विकत नाही, कोणाला काही परतही देत नाही. ती केवळ विष घराबाहेर काढते. बंदीचा हेतू तरुणांपासून निकोटीन दूर ठेवणे हा असेल, तर ते सोडून देण्याची वाट निर्भय असणे हे त्या हेतूशी सुसंगतच आहे. पकडले जाण्याच्या भीतीने बाटली ओढून संपवणारा विद्यार्थी हा कायद्याचा विजय म्हणता येणार नाही.

त्या विद्यार्थ्याला मी अखेर असे उत्तर दिले: तुपाचे भांडे निपटतात, कारण तुपाने पोषण होते. जे द्रव्य पोषण करत नाही, ते शरीरात घातल्याने त्याचा सदुपयोग होत नाही. ते टाकण्याची जागा फक्त बाटलीतून छातीत सरकते. बाटली घट्ट बंद कर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेव, मोरीत ओतू नकोस, आणि तिच्यामागोमाग दुसरी आणू नकोस. पैसे तर ती घेतली तेव्हाच गेले. आता शिल्लक राहिलेले जे वाचवायचे, ते तुझे आरोग्य.

त्याने विचारले, "पण सर, बंद केलेली ही बाटली द्यायची कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शहराने आणि शासनाने द्यायचे आहे.