ग्रीस मारण्याची मजुरी द्या



खानापूर भागात चर मारणे, बांध घालणे, काजूसाठी खड्डे काढणे ही कामे आता पुष्कळ ठिकाणी लहान खोदयंत्राने होतात. त्याला आपण मिनी पोकलेन म्हणतो. दोघा भावांनी कर्ज काढून घेतलेले असे एक यंत्र मी परवा पाहिले. बकेट जमिनीवर टेकवून हळूच उचलायला सांगितली, तर आधी सांधा टक्कन वाजला, मग बकेट हलली. "फादर, एवढे चालतेच," असे उत्तर मिळाले.

चालते खरे, पण किती दिवस? हा सांधा म्हणजे कडक पोलादाची पिन, तिच्याभोवतीचा बुश आणि मध्ये ग्रीसचा थर. थर संपला की आपली तांबडी माती आत शिरते आणि कानशीसारखी घासते. पिन व बुश हे झिजण्यासाठीच केलेले भाग. ते बदलता येतात. पण ढिला सांधा तसाच हाकला तर बुश आपल्या घरातच फिरू लागतो आणि आर्मचे भोक अंड्यासारखे लांबट होते. मग नवी पिन घालून उपयोग नाही. भोकात वेल्डिंगचा थर भरून, दोन्ही कान एका रेषेत धरून पुन्हा बोर करावे लागते. याला लाइन बोरिंग म्हणतात. पिन-बुशच्या कितीतरी पट खर्च, आणि ऐन हंगामात यंत्र उभे! काहीजण शिम घालतात. त्याने बाजूची ढिलाई कमी होते, भोकाची नाही. पिनच कानाला वेल्ड करून टाकणारेही आहेत. पुढच्या वेळी ती गॅसने कापून काढावी लागते.

माझ्या मते यात चालकाचा दोष कमी, मालकाचा जास्त. बकेट-आर्मच्या सांध्यांना साधारणपणे रोज, म्हणजे आठ-दहा तासांच्या कामाला एकदा, ग्रीस लागते. कडेने जुने काळे ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत मारावे. चिखलात काम असेल तर अधिक वेळा. याला वीसेक मिनिटे जातात. आपण चालकाला मीटरच्या तासावर पैसे देतो आणि इंजिन बंद असताना मीटर फिरत नाही. म्हणजे ग्रीस मारणारा पदरचा वेळ घालतो, न मारणारा लवकर घरी जातो. ती वीस मिनिटे मजुरीत धरा. हे बक्षीस नव्हे, त्याचे देणे आहे.

पिन काढताना बकेट व आर्म जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लीव्हर हलवून तेलाचा दाब सोडा, बूमखाली लाकडी ठोकळे द्या. कडक पिनवर थेट घण घालू नका. कपची गोळीसारखी उडते आणि डोळा जातो. मध्ये पितळेचा तुकडा धरा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. ग्रीस गनच्या तोंडातून किंवा फुटक्या नळीतून ग्रीस बोटात शिरले तर जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. हळद लावून घरी बसू नका, नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन परतू नका. ग्रीस आत पसरत जाते आणि उशीर झाला तर बोट कापावे लागू शकते. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा आणि "दाबाने ग्रीस आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.